तंबोऱ्याच्या पंचमाखाली वाजणारा आवाज: एका घरातल्या हमिंगचं प्रकरण

"तंबोरा बेसूर वाजतोय. रेकॉर्ड चांगली आहे, मी कितीदा ऐकलीय," एवढीच काकांची तक्रार होती. घर पुण्यात, सदाशिव पेठेत, सत्तरच्या दशकातल्या इमारतीत. काका निवृत्त, आणि ऐकणं जवळजवळ सगळं ख्यालाचं. हॉलमध्ये एका लांब कपाटावर रेकॉर्ड प्लेयर, त्याला चिकटून जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर (रेकॉर्ड प्लेयरचा क्षीण सिग्नल वाढवणारी फोनो स्टेज आतच), वर भिंतीवर टीव्ही, खाली केबलचा सेट टॉप बॉक्स आणि कोपऱ्यात डेस्कटॉप. टीव्हीचा आवाज आणि कॉम्प्युटरवर साठवलेली जुनी रेकॉर्डिंग्ज, दोन्ही त्याच अ‍ॅम्पवर ऐकायची. हमिंग, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी भणभण, वर्षभर होतं आणि त्यावर उपायही बरेच झाले होते. जाड केबल आणून झाली. रेकॉर्ड प्लेयरच्या वायरींना अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून झाली. शेवटी दुकानदाराच्या सांगण्यावरून अ‍ॅम्पच्या तीन पिनांच्या प्लगवर दोन पिनांचं अडॅप्टर चढलं, म्हणजे अर्थची पिन काढूनच टाकली. त्यानेही फारसा फरक पडला नाही. ही शेवटची गोष्ट मी लक्षात ठेवली, कारण अर्थ तोडूनही काहीच बदलत नसेल तर तिथे अर्थ मुळात आहे का, हा प्रश्न उभा राहतो.

काकांचं "बेसूर" हे वर्णन मात्र अगदी नेमकं निघालं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अ‍ॅम्पच्या आतल्या, एसी विजेची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून उरणारी घुरघुर त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झला येते. अर्थिंगच्या वाटेने घुसणारं हमिंग बहुधा ५०, १५०, २५० असं विषम पटीत येतं. आता काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गाणारा पुरुष गायक घ्या. त्याच्या तंबोऱ्याची जोडी (षड्जाच्या दोन तारा) साधारण १३८.६ हर्ट्झला लागलेली, मंद्र पंचमाची तार १०४ च्या आसपास, खर्ज ६९ ला. १०० हर्ट्झचा आवाज पंचमाच्या बरोबर चार हर्ट्झ खाली बसतो, आणि दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार ठोके पडतात. १५० हर्ट्झ येतो कोमल रिषभाच्या जरा वर. यमनाच्या आलापात हे दोन स्वर सतत धरून ठेवले, तर कुठल्याही जाणत्या कानाला तंबोराच उतरलाय असं वाटेल. शिवाय ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात वरखाली होत असते, त्यामुळे हा नको असलेला स्वर एका जागी स्थिरही राहत नाही. सिनेसंगीत ऐकणाऱ्याला हे हमिंग वर्षानुवर्षं कळलं नसतं. विलंबित ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं.

आधी अ‍ॅम्प एकटा

हमिंगच्या बाबतीत माझा हट्ट एकच असतो. सगळं सोडवायचं आणि एकेक वायर परत लावत जायचं. विकत काही आणायचं ते नंतर. अ‍ॅम्पच्या मागच्या सगळ्या आरसीए पिना (ऑडिओ वायरींची टोकं) काढल्या, व्हॉल्यूम शून्यावर ठेवला आणि कान स्पीकरच्या पडद्याजवळ नेला. अगदी बारीक घुरघुर होती. फोनवरच्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये १०० हर्ट्झला छोटं टोक दिसलं. व्हॉल्यूम शून्यावर असूनही जे ऐकू येतं, ते व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातलं, म्हणजे अ‍ॅम्पचं स्वतःचं. बहुतेक वेळा फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेले असतात. एक मीटरवर उभं राहिलं की ते ऐकू येत नव्हतं, म्हणून तिथे हात लावला नाही. जुन्या अ‍ॅम्पमधले चालू कपॅसिटर केवळ वयावरून बदलायला मी तयार नसतो.

मग सिलेक्टर फोनोवर. इथे एक काळजी घ्यावी लागते. फोनोचं सॉकेट रिकामं ठेवून ऐकलं तर ते उघड्या तोंडाने हवेतलं काहीही ओढून घेतं आणि आपण भलत्याच मागे लागतो. म्हणून मधली पिन आणि बाहेरचं कडं आतून शॉर्ट केलेल्या दोन आरसीए पिना मी सोबत ठेवतो. त्या लावल्यावर फोनो शांत झाला, नुसती थोडी सळसळ राहिली. म्हणजे अ‍ॅम्पची फोनो स्टेज ठीक होती.

रेकॉर्ड प्लेयर जोडला, अर्थची बारीक वायर अ‍ॅम्पच्या स्क्रूखाली घट्ट केली. ती आधीपासून लावलेली होतीच, फक्त टोक काळं पडलं होतं ते खरवडलं. थोडं हमिंग आलं. सुई धरणारा टोनआर्म हाताने उचलून रेकॉर्डच्या काठापासून मधल्या लेबलपर्यंत नेला, तर वाटेत हमिंग कमीजास्त होत होतं. ही खूण अर्थिंगची नव्हे, ट्रान्सफॉर्मरची. अ‍ॅम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर नेमका डाव्या बाजूला होता आणि त्याला चिकटून रेकॉर्ड प्लेयर. सुईच्या कार्ट्रिजमध्ये बारीक तारेची कॉइल असते, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सरळ तिच्यात शिरतं. काकांची फॉइल इथे निरुपयोगी होती: ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा जवळजवळ अडवतच नाही. उपाय फक्त अंतर. रेकॉर्ड प्लेयर कपाटाच्या दुसऱ्या टोकाला गेला, मधे मीटरभर जागा राहिली आणि हा भाग संपला. काकूंची फुलदाणी तेवढी हलली.

केबल काढली की शांतता, हात लावला की मुंग्या

आता कॉम्प्युटरची वायर लावली. फोनोवर फरक जवळजवळ नाही. टीव्हीची वायर लावली आणि सेट टॉप बॉक्सला केबलवाल्याची कोअ‍ॅक्शियल जोडलेली होती, तशीच ठेवली. फोनोवरच, म्हणजे टीव्ही निवडलेला नसतानाही, जोरदार भणभण सुरू झाली. ५०, १५०, २५० ची टोकं, आणि वर बारीक काटेच काटे. कोअ‍ॅक्शियलची पिन बॉक्समधून उपसली, भणभण गेली. परत लावली, परत आली. काका म्हणाले, "म्हणजे केबलवाल्याचा दोष." तसं दिसत होतं खरं. पण केबल काढलेली असताना अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला तर दिवा पेटला, आणि बोटाची मागची बाजू पत्र्यावर हलकेच फिरवली तर मुंग्या आल्या. मल्टिमीटरने अ‍ॅम्पचा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यात शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवले. अडॅप्टर काढून तीन पिनांचा प्लग सरळ बोर्डात घातला तरी आकडा तोच.

बोर्ड उघडला (मेन स्विच बंद करून, हे सांगायला नको). तीन पिनांच्या सॉकेटच्या वरच्या भोकामागे वायरच नव्हती. इमारत बांधली तेव्हा हॉलमध्ये दोन पिनांचे सॉकेट होते. नंतर कधीतरी कुणीतरी तीन पिनांचे बसवले, पण हिरवी वायर ओढलीच नाही. जुन्या इमारतींत हे इतकं सर्रास दिसतं की आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, फक्त राग येतो.

त्यामुळे घडत होतं ते असं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) गोंगाट दाबण्यासाठी फेज आणि पत्रा यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात, साधारण २.२ नॅनोफॅरडचे. त्यातून २३० व्होल्टला ५० हर्ट्झवर सुमारे ०.१६ मिलिअँप गळती वाहते. ती अर्थमध्ये जावी म्हणूनच ते बसवलेले असतात. तसाच कपॅसिटर न्यूट्रलकडूनही असतो, म्हणून अर्थ नसेल तर पत्रा मधल्यामध्ये, शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगतो. त्यात टीव्हीची आणि अडॅप्टरांची थोडी थोडी गळती मिळते. या सगळ्याला जमिनीकडे जायला अख्ख्या हॉलमध्ये एकच वाट उरली होती: कॉम्प्युटरकडून ऑडिओ वायरीच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) अ‍ॅम्पमध्ये, तिथून टीव्हीच्या ऑडिओ वायरीच्या जाळीतून टीव्हीत, टीव्हीतून सेट टॉप बॉक्समध्ये आणि मग केबलवाल्याच्या कोअ‍ॅक्शियलच्या जाळीवरून बाहेर. काकांच्या हॉलचं अर्थिंग केबलवाला पुरवत होता, तेही त्याच्या नकळत.

०.२ मिलिअँप म्हणजे किती कमी, असं वाटेल. टीव्हीच्या लाइन लेव्हलच्या, म्हणजे फोनोपेक्षा कितीतरी मोठ्या सिग्नलच्या दृष्टीने खरोखर कमी: जाळीचा रोध ०.१ ओहम धरला तर वीस मायक्रोव्होल्ट, आणि समोर सिग्नल तीनशे मिलिव्होल्टचा. ऐकू येणार नाही. पण तोच प्रवाह एका सॉकेटमधून आत शिरून अ‍ॅम्पच्या सर्किट बोर्डावरच्या ग्राउंडच्या पट्टीवरून दुसऱ्या सॉकेटमधून बाहेर पडत होता, आणि ती पट्टी फोनो स्टेजचीही होती. पट्टीचे पाच मिलिओहम धरा. ०.२ मिलिअँप गुणिले पाच मिलिओहम, म्हणजे एक मायक्रोव्होल्ट. फोनो स्टेज १००० हर्ट्झला साधारण शंभरपट वाढवते, आणि रेकॉर्डवर दाबलेले खालचे स्वर परत उचलणाऱ्या आरआयएएच्या वक्रामुळे ५० हर्ट्झला त्याच्याही सातपट. एकूण सातशेपट. एका मायक्रोव्होल्टचे ०.७ मिलिव्होल्ट झाले, आणि आलापाच्या शांततेत ते स्पष्ट ऐकू येतात. टीव्ही निवडलेला नसताना टीव्हीच्या वायरीमुळे रेकॉर्डवर हमिंग का येतं, याचं उत्तर हेच. व्यावसायिक ध्वनियंत्रणेत या दोषाला "पिन १ प्रॉब्लेम" म्हणतात. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यावर लिहिलं, आणि तेव्हापासून जाळी सॉकेटपाशीच सरळ पत्र्याला जोडण्याचा आग्रह वाढला. घरगुती अ‍ॅम्प मात्र अजूनही सॉकेट सर्किट बोर्डावर सोल्डर करतात आणि पत्र्याशी नातं नंतर, जमेल तिथे जोडतात.

अर्थिंग आलं आणि आवाज वाढला

वायरमन बोलावला. त्याने पहिला सुचवलेला उपाय ऐकून मी उठून बसलो. "साहेब, न्यूट्रलवरून अर्थला एक तुकडा टाकतो, दोन मिनिटांचं काम." हे करू देऊ नका. कुठल्याही घरात, कुणी कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी. त्या बोर्डाकडे येणारा न्यूट्रल कधी सुटला, तर अ‍ॅम्प, फ्रिज, जे काही त्या अर्थला असेल त्या सगळ्याच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. आणि असा तुकडा आधीच कुणी टाकून ठेवला असेल तर तो ओळखायची एक खूण आहे: चालू घरात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात थोडे तरी व्होल्ट असतात. मीटर अगदी नितळ शून्य दाखवत असेल, तर बोर्ड उघडून पाहावा.

स्वयंपाकघरातल्या गीझरच्या बोर्डाला मात्र खरं अर्थिंग होतं, इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलेलं. वायरमनने फेज आणि त्या अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहिला, पूर्ण पेटला. (ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारी कळ, असलेल्या घरात हा बल्ब लावताच ती पडते, आणि तेही अर्थ चालू असल्याचंच लक्षण. पण हे वायरमनचं काम आहे, हौसेने करायचं नाही.) नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नये, कारण त्याला इतका कमी प्रवाह लागतो की धड न जोडलेल्या अर्थवरही तो झकास २३० दाखवू शकतो. तिथून दीड चौरस मिलिमीटरची हिरवी वायर पट्टीतून हॉलपर्यंत आली.

मुंग्या बंद झाल्या. टेस्टर पेटेना. फोनोवर, केबल काढलेली असताना, पूर्ण शांतता. मग केबलवाल्याची कोअ‍ॅक्शियल लावली आणि आधीपेक्षा मोठं, जाडजूड हमिंग सुरू झालं. आता फक्त फोनोवर नाही, टीव्हीवरही. काका माझ्याकडे बघत म्हणाले, "अरे, पैसे देऊन आवाज वाढवलास?"

वाढणारच होता. आधी हॉलला जमिनीकडे जाणारी एकच वाट होती, आता दोन झाल्या: एक घराचं अर्थिंग, दुसरी कोअ‍ॅक्शियलच्या जाळीतून केबलवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत, आणि तो कुठल्या तरी दुसऱ्याच इमारतीच्या विजेवर चालतो. दोन ठिकाणच्या जमिनी एकाच व्होल्टेजवर कधीच नसतात. त्यांच्यातला फरक आता आमच्या ऑडिओ वायरीच्या जाळीवरून पूर्ण वर्तुळ करून वाहू लागला. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आधीची गळती ०.२ मिलिअँप होती कारण कपॅसिटर तिला तेवढंच वाहू देत होते. या लूपला तसा कुणी आवर घालत नाही. दहा मिलिअँप जरी धरले, तरी ०.१ ओहमवर एक मिलिव्होल्ट होतो, आणि टीव्हीच्या तीनशे मिलिव्होल्टपुढे तो चांगलाच ऐकू येतो.

नेमक्या इथेच लोक अर्थची पिन कापतात. कापली की हमिंग जातं, आणि दुकानदार बरोबर ठरतो. पण अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन उद्या फुटलं तर पत्रा जिवंत होईल, आणि फ्यूज उडवायला अर्थच नसेल. लूप तोडायचा असेल तर सिग्नलच्या वायरीत तोडायचा, विजेच्या वायरीत नाही.

सिग्नलच्या बाजूला दोन पर्याय होते. कोअ‍ॅक्शियलवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे छोटी नळी, जिच्यातल्या कपॅसिटरमधून केबल टीव्हीचे शेकडो मेगाहर्ट्झ सहज जातात आणि ५० हर्ट्झ अडतो. छताच्या डिशला मात्र हा चालत नाही: डिशच्या तोंडावरच्या सिग्नल पकडणाऱ्या एलएनबीला त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जात असतात, ते अडले की चित्रच बंद. काकांच्या टीव्हीला मागे ऑप्टिकल आउटपुट होतं, म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. प्लास्टिकची प्रकाशवाहक तार, पलीकडे अ‍ॅनालॉग सिग्नल बनवणारा छोटा डॅक, तिथून अ‍ॅम्प. टीव्ही आणि अ‍ॅम्प यांच्यात धातूची तारच उरली नाही, मग वर्तुळ कुठून होणार? लावल्यावर सुरुवातीला आवाजच आला नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ "ऑटो" वर होता, तो पीसीएम (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) केला तेव्हा बातम्या बोलू लागल्या. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं, आणि डॅक खराब समजून परत करणारेही पुष्कळ.

कॉम्प्युटरचं काम सोपं निघालं. तो वेगळ्या सॉकेटमधून चालत होता, त्याला आणि अ‍ॅम्पला एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणलं. दोघांचे अर्थ वीतभर अंतरावर आले आणि जी किरकिर माउस हलवला की येत होती ती ऐकण्याच्या जागेवरून नाहीशी झाली. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर काकांनी आधीच आणून ठेवला होता. तो लावून दाखवला: हमिंग गेलं, पण डग्गाही गेला. एवढ्याशा गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर खालचे स्वर नीट वाहून नेत नाही. आणि तो फोनोवर तर कधीच लावू नये, कारण काही मिलिव्होल्टच्या सिग्नलमध्ये तो स्वतःच हमिंग गोळा करणारी आणखी एक कॉइल ठरतो.

उरलेली भणभण

संध्याकाळी काकूंनी पंखा लावला आणि एक वेगळीच चिरचिर सुरू झाली. रेग्युलेटरचं बटण मधे ठेवलं की सर्वांत जास्त, पूर्ण वेगावर जवळजवळ शून्य. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर होता. त्यातला ट्रायाक (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रत्येक अर्ध्या लहरीचा तुकडा कापतो, आणि कापताना उठणारी तीव्र धार काही किलोहर्ट्झच्याही खूप वर पसरते. स्पेक्ट्रमवर दर १०० हर्ट्झला एकेक काटा दिसतो, कंगव्यासारखा. चार-पाच पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर असा कापत नाही. तो बसवला, चिरचिर संपली. सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वादाचा भाग.

इन्व्हर्टर मात्र तसाच आहे. चौकोनी लहर देणारा जुना, आणि वीज गेली की अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर स्वतः खरखरतो, स्पीकरमधूनही येतं. साइन वेव्हचा घ्या म्हटलं तर काकांचं उत्तर, "ह्याची बॅटरी अजून दीड वर्ष जाईल." तोवर दिवे गेले की रेकॉर्ड लावायची नाही, असं ठरलंय. दोन पिनांचं ते अडॅप्टर मी खिशात घालून आणलं. काका म्हणाले होते, ड्रॉवरमध्ये राहू दे, कधी लागलं तर.